हिवाळी मोहिमेतल्या युक्त्या गोष्टीत कशा आणाव्यात? (सल्ला हवा आहे)

रानवारा
मंडळी, आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या अंकासाठी चादरवर लिहितोय, म्हणजे लडाखमध्ये जानेवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालण्यावर. माहिती ढीगभर आहे: पाण्याची बाटली उलटी ठेवायची, ओले मोजे पोटाशी धरून वाळवायचे, घाम येण्याआधी एक थर उतरवायचा. सगळं लिहून काढलं तर बायको म्हणते, "मिक्सरबरोबर येतं ते पुस्तक वाचतेय असं वाटतंय." काय ठेवू, काय गाळू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटवाट
आधी ती यादी फाडा. एकच युक्ती घ्या आणि ती करताना माणसाची काय तारांबळ उडते ते लिहा. पाणी वरून गोठत येतं, म्हणून बाटली उलटी ठेवली की बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. झालं, एका वाक्यात संपलं. पण उणे वीसमध्ये झाकण फिरवायला हातमोजा काढावा लागतो. तो दातात धरलाय, बोटं बधिर होत चाललीत, झाकण हलत नाही, आणि मागचा म्हणतो, "मलाही एक घोट." तिथून सुरू करा.

आणि पोर्टर काठीने बर्फ ठोकत पुढे जातात, तो आवाज घ्याच. भरीव कुठे, पोकळ कुठे, हे त्यांना कानाने कळतं. आपण नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

सह्यवेडा
घाटवाट +१. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकलटनचं उदाहरण बघा. जहाज बुडालेलं, मदत आणायला निघालेले. मे १९१६, दक्षिण जॉर्जिया बेट. तो आणि त्याचे साथीदार वॉर्स्ली आणि क्रीन असे तिघे, बुटांच्या तळव्यांत बोटीचे स्क्रू ठोकलेले, ३६ तासांत डोंगर ओलांडून गेले. वाटेत टेकले तर दोघांना झोप लागली. तिघेही झोपलो तर कुणीच उठणार नाही, हे शॅकलटनला ठाऊक होतं. त्याने पाच मिनिटांत दोघांना उठवलं आणि थाप मारली की अर्धा तास झोपलात! थंडीत झोप किती घातक, हे वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

स्टेथोवाली
खुशाल रंगवा, पण हिमदंशावर बर्फ चोळणारा नायक कृपया नको. वाचून डोकं फिरतं. ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी, तेही बोटं पुन्हा गोठायची भीती नसेल तरच.

हायपोथर्मिया, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान धोकादायक घसरणं, लेखकाच्या फार कामाचा आहे. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं नाही, उलट प्रकरण हाताबाहेर चाललंय. जीभ जड होते, जॅकेटची चेन लागत नाही, माणूस उगाच चिडतो. काहीजण तर अखेरीस अंगावरचे कपडे काढायला लागतात. तेव्हा तंबूतल्या सगळ्यात बडबड्या माणसाचं एखादं वाक्य अर्धवट सोडा. वाचकाला आधी शंका येऊ दे, सोबत्यांना नंतर.

रानवारा
सगळ्यांचे आभार. पण आमच्या ट्रेकवर आक्रीत असं काही घडलंच नाही हो. सगळे धडधाकट परत आलो. मग कसं?

घाटवाट
मग घडवू नका. अनुभव म्हणून छापताय ना? त्यात पदरचा अपघात घुसडला की सोबत आलेली मंडळीच पहिली हसतील.

आणि ताणाला अपघात कशाला हवा? १९१२ साली ब्रिटिश मोहीमवीर स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतत होता, तेव्हा वाटेतल्या साठ्यांत रॉकेल कमी निघालं. डब्यांचे चामडी वॉशर थंडीने खराब होऊन तेल उडून गेलं होतं. त्याच्याआधी ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेनने आपले डबे डाक देऊन (सोल्डर करून) बंद केले होते. आता स्कॉटचा डबा उचलणाऱ्या हाताला तो हलका लागतो, एवढंच लिहिलं तरी पुरे. पुढचं वाचकाला समजतं.

तुमच्याकडेही असं काही असणारच. पोर्टरने काठी टेकून सगळ्यांना थांबवलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही, असं झालं असेल की! तो भाग आधी लिहा. पहिला परिच्छेद इथेच डकवा, बघू.