ज्या प्रभागाची घरपट्टी, त्याच प्रभागाला निधी?

शेवटची_गल्ली: "विश्रामबागने घरपट्टी भरायची आणि गटारी शामरावनगरला, हा कुठला न्याय? जिथली वसुली तिथंच खर्च करा," असं काल इथं एकानं लिहिलंय. मी शामरावनगरचा, वाचून गप्प बसवेना. घरपट्टी म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची सगळी तिजोरी नव्हे. जकात गेली, २०१५ ला एलबीटी (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला आणि त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते. जीएसटी काय फक्त बंगलेवाले भरतात? धुणीभांडी करणारी बाईसुद्धा टूथपेस्टवर भरते. त्यातही ही भरपाई २०१६-१७ च्या उत्पन्नावर बांधलेली, वर्षाला ८ टक्के वाढ. ज्या शहराचा व्यापार मोठा त्याला जास्त. दाटी किती, गरिबी किती, हा हिशोबच नाही. वरून असं मिळतं, निदान खाली प्रभागांत तरी माणसं बघून वाटा! पंधराव्या वित्त आयोगानंसुद्धा स्थानिक संस्थांचा पैसा राज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं, उरलेलं क्षेत्रफळाला.

विश्रामबागकर: ते मीच लिहिलंय. पेन्शनीतून दरवर्षी मुदतीच्या आत घरपट्टी भरतो. मग शास्तीमाफी, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ, जाहीर होते आणि थकवणाऱ्यांचं फावतं. वेळेवर भरणारा काय खुळा आहे? आणि पाणी साचतंय तिथं प्लॉट घ्या म्हणून कुणी सांगितलं होतं?

शेवटची_गल्ली: कुणी सांगितलं? पगारानं सांगितलं. वडील हमाल. मार्केट यार्डात पाठीवर हळदीची पोती वाहून एक गुंठा घेतला, तोही साध्या स्टॅम्पपेपरवर. एजंट म्हणाला, एनए (बिगरशेती) होईल. तो परत दिसला नाही. पावसाळ्यात अजून दारापर्यंत विटा मांडून जावं लागतं, आणि संडासाची टाकी भरली की तेच पाणी उंबऱ्याला. तुमच्या कॉलनीत प्लॉट घ्यायची ऐपत असती तर हौसेनं चिखलात राहिलो असतो काय?

मिरजेचा_पोरगा: १९९८ पासून एक महापालिका आहे, पण चर्चा कायम सांगलीचीच. कुपवाडच्या ड्रेनेजवर कोण बोलणार?

विश्रामबागकर: गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या प्लॉटवरची बांधकामं नियमित करायचा, कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं, मग मुदत थेट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत. असं वाढवत गेलात तर नियम पाळणाऱ्यानं कशाला पाळायचा?

शेवटची_गल्ली: नियमित व्हायला आम्ही शुल्क भरलंय. फुकट नाही! पावती लावू इथं?

गावभागची_सून: भांडू नका ओ. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या वाड्यात घुसलं. आमची तर घरं कायदेशीर, पिढ्यान्‌पिढ्यांची. पाणी सातबारा बघून येत नाही.

विश्रामबागकर: पुराचं वेगळं. बरं, ड्रेनेज आधी दाट वस्तीला द्या, हे मान्य करतो. नाइलाजानं करतो, कारण तिथली घाण शेवटी कृष्णेतच जाते आणि तेच पाणी आपण सगळे पितो. पण थकबाकीदारांची नावं चौकात लावा. त्यावर मी हटणार नाही.

शेवटची_गल्ली: लावा. आमच्या गल्लीचीही लावा. फक्त त्या फलकाशेजारी प्रत्येक प्रभागात माणशी किती खर्च झाला, तो आकडाही लावा.

मिरजेचा_पोरगा: आणि तो मिरज-कुपवाडचा वेगळा लावा.