शब्दचर्चा: ‘उपाशीपोटी या’ म्हणजे नेमकं कसं यायचं?

पत्रकवाली:
नमस्कार मंडळी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या हातात द्यायचं एक पानी पत्रक मराठीत लिहिते आहे. डॉक्टरांच्या मसुद्यात ‘एनबीएम’ आहे, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. जुन्या पत्रकात त्याजागी ‘उपाशीपोटी यावे’ असं छापलंय, आणि वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात की या शब्दाने दर आठवड्याला घोळ होतो. मी काढलेले पर्याय: अनशापोटी, रिकाम्या पोटी, निराहार, निर्जळी. यातला कुठला घेऊ? कशात पाणी चालतं, कशात नाही, हे कोशात नीट सापडत नाहीये.

कोशवेडा:
कोशात सापडणार नाही, कारण ते वापराने ठरलंय. ‘अनशापोटी’ (कुठे अनोशापोटी, कुठे अनशेपोटी) ऐकायला सर्वांत नेमका. ‘अशन’ म्हणजे खाणं, ‘अनशन’ म्हणजे न खाणं, त्याच कुळातला हा दिसतो. पण तो फक्त सकाळचा शब्द आहे. झोपून उठल्यावर पोटात अजून काही गेलेलं नाही, ती अवस्था. काढा, चाटण, थायरॉइडची गोळी यांना चपखल. दुपारी तीन वाजता ‘मी अनशापोटी आहे’ असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे दुपारच्या ऑपरेशनला निरुपयोगी. शिवाय त्यात पाणी वर्ज्य नाही. अनशापोटी तांब्याभर पाणी पिणारे घरोघरी आहेत.

‘निराहार’ पंचांगातून उठून आल्यासारखा वाटतो. ‘निर्जळी’ त्यातल्या त्यात काटेकोर. ज्येष्ठातल्या एकादशीमुळे खेड्यातल्या आजीलाही तो कळतो. माझं मत निर्जळीला.

जुनी सिस्टर:
सर्जिकल वॉर्डात आयुष्य गेलं, म्हणून सांगते. ‘उपाशी या’ म्हटलं की निम्म्या बायका ‘उपास’ ऐकतात. आणि उपासाला काय चालतं? साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, शेंगदाण्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी! एक आजी टेबलवर जायच्या तासभर आधी राजगिऱ्याची वडी खाऊन बसल्या होत्या आणि वर मलाच समजावत होत्या, ‘उपासाचीच आहे गं बाई.’

दुसरा घोळ चहाचा. ‘काही खाल्लंत?’ ‘छे, काहीच नाही. फक्त चहा.’ आपल्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत. तो घेतात. तंबाखूचंही तेच: तो मळतात, बार भरतात, मिश्री लावतात. ‘तोंडात काही घालू नका’ म्हटलं तरी मिश्री कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

मालवणचो माणूस:
पेजेचंही लिहा. आमच्याकडे सकाळची पेज पितात. मऊ भाताची निवळ काढलेली असली तर ती ‘पिण्यात’ जमा. ‘पाणी चालेल’ असं सांगितलंत तर म्हातारी मंडळी पेज पाण्यातच धरतील.

मराठवाड्यातून:
रमजानमध्ये ‘रोजासारखं राहा’ असं सांगणारे डॉक्टर पाहिलेत. हेतू चांगला, पण रोजा पहाटेच्या सहरीनंतर सुरू होतो. आठच्या ऑपरेशनला पाचला पोटभर सहरी करून माणूस हजर.

भूलतज्ज्ञ:
कारण सांगतो, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल. भूल दिल्यावर घशाचं राखणं थांबतं. जागेपणी चुकून पाणी श्वासनलिकेकडे वळलं तर ठसका लागतो. भुलेत तो लागत नाही. पोटातलं अन्न, आम्ल वर आलं तर सरळ फुप्फुसात. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

ठरलेल्या ऑपरेशनसाठी नियम साधारण असे: हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं-तुपकट आणि भरपेट जेवण ८ तास. दूध खाण्यातच धरायचं, म्हणजे दुधाचा चहाही ६ तास. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत. साधं पाणी, कोरा चहा २ तास आधीपर्यंत चालतो. गरोदरपण, जुना मधुमेह, आतड्याला पीळ, तातडीचं ऑपरेशन अशा वेळी गणित बदलतं आणि ते भूलतज्ज्ञानेच करायचं.

म्हणून माझं ‘निर्जळी’ला मत नाही. मे महिन्यात दुपारी दोनचं ऑपरेशन असलेल्या माणसाला आदल्या रात्री बारापासून कोरडं ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्याने रुग्ण सुकतो, डोकं धरतं, शीर सापडत नाही. एका शब्दात सगळं कोंबायच्या हट्टापायीच ‘बारानंतर काही नाही’ ही पाटी जन्मली.

सोनोग्राफीच्या खोलीतून:
भूलतज्ज्ञांना दुजोरा. पित्ताशय बघायचं तर उपाशी, आणि ओटीपोट बघायचं तर भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून. दोन्ही एकाच दिवशी असलं की ‘उपाशी या’वर बिचारे पाण्याशिवाय येतात आणि मग इथे बाकावर बसून बाटल्या रिचवतात.

मेडिकलवाला:
तुम्ही सगळे अन्नावर आहात, गोळ्यांवर कोणीच नाही. ‘उपाशी या’ सांगितलेल्या मधुमेही माणसाने सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतलं आणि जेवला नाही, तर साखर खाली. घाम, थरथर, बेशुद्धीही. उलट टोकाला, ‘काहीही घेऊ नका’ वाचून बीपीची गोळीही सोडणारे आहेत. खाणं, पिणं, औषध घेणं ही तीन क्रियापदं वेगवेगळी लिहा.

विषय निघालाच आहे म्हणून: पाकिटावर ‘स.’ लिहू नका. सकाळ पण स, संध्याकाळ पण स. आम्ही १-०-१ लिहितो आणि वर तोंडाने सांगतो. आणि ‘आठवड्याची गोळी’ हा तर घातकी शब्दप्रयोग. संधिवाताला मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर घाला येतो, माणसं दगावली आहेत. पण आपल्याकडे ‘आठवड्याच्या गोळ्या दिल्यात’ म्हणजे सात दिवस पुरतील एवढ्या! मी त्या गोळीच्या पाकिटावर वार लिहितो: ‘फक्त गुरुवारी’.

निवासी डॉक्टर:
मी मूळची हैदराबादची, ऑल इंडिया कोट्यातून इथे पीजीला आले. मराठी वॉर्डातच शिकले, मावशी आणि मामांकडून, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय यांच्याकडून. उलट दिशेचा त्रास सांगू? तुम्ही सांगता ते रुग्णाला कळत नाही हे खरं, पण रुग्ण सांगतो ते आम्हाला कुठे कळतं!

ताप अंगावर काढला, बाळ अंगावर पितं, अंगावरून जातंय. तीन ‘अंगावर’, तीन अर्थ, आणि तिसऱ्यात पांढरं की लाल हे विचारलं नाही तर काहीच कळलेलं नसतं. ‘दिवस गेलेत’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई उशिरा आल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतेय.

सर्वांत फसवा शब्द ‘चक्कर’. खोली गरगर फिरणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, भोवळ येऊन पडणं, चालताना तोल जाणं, सगळ्यालाच रुग्ण चक्कर म्हणतो आणि केसपेपरवर चारही ‘गिडीनेस’ म्हणून उतरतात. पहिल्याचं कारण बहुधा कानात असतं, दुसऱ्याचं रक्तदाबात किंवा रक्त कमी असण्यात, तिसऱ्यात हृदयाचा विचार करावा लागतो, चौथ्यात मेंदूचा. तुमच्या भाषेत गरगरणं, घेरी, भोवळ, अंधारी इतके शब्द आहेत, आणि डॉक्टरसमोर आल्यावर लोक एकच का वापरतात?

कोशवेडा:
डॉक्टरसमोर माणूस ‘डॉक्टरी’ बोलायला जातो, म्हणून. घरी ‘छातीत भरून आल्यासारखं होतंय’ म्हणणारा ओपीडीत ‘गॅस झालाय’ म्हणतो. म्हणजे लक्षण सांगायचं सोडून निदानच सांगतो, तेही चुकीचं. ‘पित्त’ तसंच: एकाला आंबट ढेकर, दुसऱ्याच्या अंगावर गांधी.

एका शब्दाने किती नुकसान होतं याचं अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. क्यूबन घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ म्हटलं. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्या-पिण्यातून काहीतरी बाधलंय. इंग्रजी कानांना ऐकू आलं ‘इंटॉक्सिकेटेड’, नशेत. अमली पदार्थांचा अतिरेक धरून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तडजोडीची रक्कम त्याच्या आयुष्यभरात ७ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकेल, अशी होती. गंमत म्हणजे तिथे कोणी दुभाष्या बोलावला नाही, कारण आपल्याला कळलंय अशी दोन्ही बाजूंची खात्री होती.

पत्रकवाली:
मंडळी, फ्लोरिडाहून पत्रकाकडे येऊ या का? म्हणजे एक शब्द नाहीच, असं दिसतंय. तासांत आणि पदार्थांच्या नावांत लिहायचं.

जुनी सिस्टर:
लिहा, पण पत्रकाने अर्धंच काम होतं. खरा घोळ टेबलवर नेताना होतो, आणि तो एका अक्षराचा आहे. ‘उपाशी आहात ना?’ हे ‘ना’ काढून टाका. ‘ना’ लावून विचारलं की माणूस ‘हो’च म्हणतो. समोर पांढरा कोट, बाहेर नातेवाईक खोळंबलेले, ऑपरेशन पुढे गेलं तर आणखी एक दिवसाचा खाडा. कोण म्हणेल, नाही हो, चहा-बिस्किट खाल्लंय? मी नव्या मुलींना शिकवायचे: ‘शेवटचं तोंडात काय गेलं, आणि किती वाजता?’ याला ‘हो’ हे उत्तरच होत नाही. आजींच्या राजगिऱ्याच्या वडीचा पत्ता याच प्रश्नाने लागला.

तसंच ‘समजलं ना?’ याला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यापेक्षा, ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल? मला सांगा बघू.’ बोलताना जिथे अडखळतात, तिथेच आपलं सांगणं तुटलेलं असतं.

आणि नाव. ‘तुम्ही पाटील ना?’ कोल्हापूरच्या वॉर्डात असं विचारून पाहा, चार खाटांवरून ओ येईल. आम्ही सगळ्यांना आजी, काका, मावशी म्हणतो. माया असते त्यात, पण इंजेक्शन हातात असताना आजी हे नाव नव्हे.

भूलतज्ज्ञ:
सिस्टर लाख बोललात. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासयादी आहे. तिचा पहिलाच मुद्दा हा: भूल द्यायच्या आधी रुग्णाशी बोलून त्याची ओळख, ऑपरेशन कुठलं, कुठल्या बाजूचं, संमती आहे का, याची खातरजमा. पुढे कापण्याआधी सगळे थांबून आपलं नाव आणि काम सांगतात. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांचा हिशोब मांडला तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. का, यावर वाद आहे. माझा अंदाज असा की यादी बोलायची असते आणि बऱ्याच ठिकाणी ती फक्त भरली जाते. आमच्याकडेही ऑपरेशन संपल्यावर चहा पिता पिता १९ खुणा करणारे महाभाग आहेत.

कोशवेडा:
‘ना’ची व्याकरणात जागा बघा: ‘का’ लावला तर माहिती मागणं, ‘ना’ लावला तर दुजोरा मागणं. ‘जेवलात का?’ आणि ‘जेवलात ना?’ यात दुसऱ्याचं उत्तर प्रश्नकर्त्याने आधीच ठरवलेलं असतं. घरात तो लाडाचा शब्द आहे. तपासणीत बंद.

पत्रकवाली:
हा मसुदा. मोकळ्या जागा सिस्टर हाताने भरतील.

‘तुमचं ऑपरेशन उद्या … वाजता आहे.
रात्री … वाजता शेवटचं जेवण. त्यानंतर पोळी, भात, पेज, दूध, दुधाचा चहा, ताक, बिस्किट, फळं, खिचडी-भगर असे उपासाचे पदार्थ, यातलं काहीही नको.
साधं पाणी पहाटे … वाजेपर्यंत चालेल. त्यानंतर घोटभरही नको.
तंबाखू, मिश्री, पान, सुपारी नको.
रोजच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा. सकाळी कुठली घ्यायची आणि कुठली नाही, ते आजच डॉक्टरांकडून इथे लिहून घ्या: …
चुकून काही खाल्लं-प्यायलं तर लगेच सांगा. कोणी रागावणार नाही.’

मेडिकलवाला:
गोळ्यांची ओळ उत्तम. इन्सुलिन वेगळं लिहा. इन्सुलिनला कोणी गोळी म्हणत नाही.

भूलतज्ज्ञ:
शेवटच्या ओळीत ‘ऑपरेशन रद्द होणार नाही, गरज पडली तर वेळ पुढे जाईल’ हेही घाला. लोक रागाला कमी भितात, रद्द होण्याला जास्त. पण आधी सर्जनशी बोलून घ्या. यादी लांबली की रद्द करणारे तेच असतात.

कोशवेडा:
‘उद्या’ काढा. हा कागद कोणी रात्री साडेबाराला उघडून वाचला तर ‘उद्या’ कुठला? आणि ‘पहाटे’ म्हणजे कोणाला तीन, कोणाला सहा.

पत्रकवाली:
‘उद्या’ काढला, वार आणि तारीख दोन्ही टाकते. ‘पहाटे’ही काढते, नुसता आकडा आणि घड्याळाचं चित्र. इन्सुलिनची वेगळी ओळ केली. सर्जनना सोमवारी भेटते.