मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे भाजक

नमस्कार मंडळी,
२ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. गणितज्ञ फर्माला ही मूळ संख्या वाटली होती. ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ × ६७,००,४१७ अशी फोडली. तिचा प्रत्येक मूळ भाजक ६४क + १ (क पूर्णांक) या रूपाचा असतो, इथवर फर्माच्या छोट्या प्रमेयावरून जमलं. पण पुढे ल्युका या गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ आणलं, ते कसं? मग ६४१ पर्यंत तपासायला २५७ आणि ६४१ एवढ्या दोनच मूळ संख्या उरतात, काम भलतंच सोपं! माझ्याकडच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय. बारावीच्या गणितावर भागेल असं कुणी समजावून सांगेल का? (६४१ = ५×१२८ + १ = ६२५ + १६ वरून भाग जातो ती सिद्धता माहीत आहे, ती नको.)