पंचवीस हजारांतला पहिला बेस: स्क्वायरच का म्हणून?

खर्जातला
शेजारच्या धाग्यावर काल एक फतवा वाचला. बारावी झालेल्या एका मुलाने विचारलं होतं, पंचवीस हजारांच्या आसपास पहिला बेस गिटार कोणता घेऊ. त्यावर ‘चौथी तार’ यांचं उत्तर: ‘स्क्वायर घे. यामाहा, आयबानेझ, कोर्ट ही खेळणी. पैसे कमी पडत असतील तर वर्षभर थांब, पण हेडस्टॉकवर फेंडरचं नाव नसलेला बेस घरात आणू नकोस.’ (नवख्यांसाठी: स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड, आणि हेडस्टॉक म्हणजे मानेचं खुंट्यांकडचं टोक.) पोरगा बिचारा ‘थँक्यू दादा’ म्हणून निघून गेला. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

वर्षभर थांब? अठराव्या वर्षी? एका लोगोसाठी?

स्क्वायरच्या ॲफिनिटी मालिकेतल्या बेसचा हेडस्टॉक उलटा करून नंबर वाचा. आय-सी-एसने सुरू होत असेल तर तो बेस इंडोनेशियात कोर-टेकच्या कारखान्यात बनलाय. कोर-टेक म्हणजे कोर्टवालेच. आयबानेझचीही कितीतरी वाद्यं त्यांनीच बनवून दिली. तेव्हा ज्या कोर्टला तुम्ही खेळणं म्हणता, त्याच कंपनीकडून तुमचा लाडका स्क्वायर येतो. फरक लोगोचा आणि लोगोच्या किमतीचा.

दुसरं, आपल्याकडची वीज. मंडपात अर्थिंग नसतं हे इथे कुणाला सांगायला नको. स्क्वायरच्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे चुंबक). दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तोवर ठीक, एक जरा कमी केला की गुणगुण सुरू. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ ला पुढे फेंडरच्या प्रिसिजन बेससारखा दुभागलेला पिकअप आहे, दोन भागांची गुणगुण एकमेकांत जिरते. नवशिक्याला शांत वाद्य मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आणि उरलेले पैसे सेटअपला घाला. दुकानातून आलेला बेस तारा बोटभर उंच घेऊन येतो. पोराची बोटं सोलवटतात, त्याला वाटतं आपल्याला जमतच नाही, आणि महिन्याभरात बेस माळ्यावर. कारागिराकडून ट्रस रॉड (मानेतली सळई), सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू), नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) नीट करून घ्या, तारा बदला. असा यामाहा हा सेटअप न केलेल्या स्क्वायरपेक्षा केव्हाही चांगला. माझं मत यामाहा. बुकलत बसा.

चौथी तार
बुकलतो की.

एक, कोर-टेकचा इतिहास सांगून शेवटी शिफारस कशाची, तर यामाहाची. यामाहा स्वतःच्या कारखान्यात बनवते. मग तो सगळा परिच्छेद कशासाठी होता?

दोन, एकाच बेकरीत खारी आणि केक दोन्ही भाजतात म्हणून खारीवर मेणबत्ती लावायची का? कारखाना एक असला तरी लाकूड, पिकअप, तपासणी कंपनी सांगेल तशी होते.

तीन, तुमच्या यामाहाचा मागचा पिकअपही सिंगल कॉइलच आहे. तो उघडला की तीच गुणगुण. आणि ॲफिनिटी प्रिसिजनही पीजेच, म्हणजे पुढे दुभागलेला आणि मागे सिंगल कॉइल असाच, मिळतो. म्हणजे गुणगुणीचा मुद्दा माझ्या बाजूचा निघाला, आभारी आहे.

आता खरं कारण ऐका. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला, १९६० मध्ये जॅझ. तेव्हापासून पिकगार्ड, पिकअप, मान, ब्रिज सगळ्यांची मापं जगभर ठरून गेली आहेत. उद्या पिकअप बदलायचा झाला तर शंभर पर्याय. मी कॉलेजात घेतलेला स्क्वायर चार वर्षं वाजवून विकला, ज्याने घेतला त्याने फार घासाघीसही केली नाही. तुमचा टीआरबीएक्स विकायला काढून बघा. ‘यामाहा? बाईक का?’ असं विचारतात लोक.

नाशिकचा डबल किक
दोघेही आजोबा. आयबानेझ जीएसआर २०० घ्या आणि विषय संपवा. मान पातळ, हात पळतो, बेस बूस्टची नॉब फिरवली की ड्रमरसुद्धा मागे वळून बघतो. प्रिसिजनची मान म्हणजे हातात धरायला बॅटच. आमच्या बँडमध्ये सगळं खाली ट्यून करतो, तिथे तुमचा १९५१ चा इतिहास काय कामाचा?

श्रुती_पुणे
‘मान पातळ’ वाचून हसले. माझे हात लहान, म्हणून मलाही सगळ्यांनी आयबानेझच सांगितला होता. मान जाडीला पातळ आहे, मान्य. पण नटपाशी रुंदी ४१ मिमी. ॲफिनिटी जॅझची ३८. पहिल्या चार पट्ट्यांत नवशिक्याचा जीव जातो, तिथे तीन मिलिमीटर पुष्कळ असतात. आणि स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, सगळ्यांचं ३४ इंचच, त्यामुळे पहिल्या फ्रेटला करंगळी ताणावी लागते ती लागतेच. खरंच लहान हात असतील तर स्क्वायरचा ब्राँको बघा, ३० इंची. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो ‘मुलींचा’ वाटतो.

आता माझं रडगाणं. दुकानात भावाला सोबत नेलं होतं, त्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. विक्रेत्याने बेस उचलून त्याच्या हातात दिला. मी म्हटलं, वाजवणार मी आहे. तर मला म्हणतो, ‘ताई, युकुलेले दाखवू का? नवीन रंग आलेत.’ बेस न घेता बाहेर पडले. नंतर एकीकडून वापरलेला जॅझ घेतला.

चौथी तार
श्रुतीताई, म्हणजे स्क्वायरच ना शेवटी? धन्यवाद.

श्रुती_पुणे
रुंदीमुळे, दादा. लोगोमुळे नाही. तेवढ्याच रुंदीचा दुसऱ्या कुणाचा स्वस्तात मिळाला असता तर तोही घेतला असता.

स्टुटगार्टहून
तुम्ही लोक हार्ली बेंटन (इथल्या जर्मन दुकानाचा स्वस्त ब्रँड) का मागवत नाही? इथे निम्म्या पैशांत मिळतो आणि दर्जा उत्तम.

नाशिकचा डबल किक
दादा, जहाजाचं भाडं आणि कस्टम तुम्ही भरता का? मग दोन मागवा.

लाल सलाम
कोर्टचं नाव इतक्या सहज घेताय म्हणून लिहितो. २००७ मध्ये याच कंपनीने कोरियातल्या कामगारांना घरी बसवून काम बाहेर नेलं. ते लोक २०१९ पर्यंत लढले. स्वस्त बेस स्वस्त का असतो याचाही विचार करा.

खर्जातला
मुद्दा खरा आहे. पण कोर-टेकचा बेस टाळायचा तर स्क्वायरही टाळावा लागेल. चौथी तार, ऐकताय ना?

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
मगापासून वाचतोय. पोरांनो, भांडताय कशावर? बेस गिटार हवाच कशाला?

पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात आहे. पूर्वी बेसवाला असायचा. आता कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो, रोलँड एक्सपीवर स्प्लिट करून, म्हणजे पट्ट्या दोन आवाजांत वाटून. प्रेक्षकांतून आजवर कुणी विचारलं नाही की बेसवाला कुठाय. पार्टी सुपारी देते ती पाच माणसांची. सहावा घेतला तर त्याची नाईट (एका रात्रीचं मानधन) द्यायची कुणाच्या खिशातून? गाडीत जागा कुठे? तो येणार, वर त्याचा ॲम्प. साऊंडवाला गावाकडे दोन टॉप (छोटे स्पीकर) स्टँडवर लावतो, खाली बेस बिन (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर) नसतात. तुमची ती जाड तार ४१ हर्ट्झवर हलते म्हणे. त्या टॉपमधून काय डोंबल ऐकू येणार? यामाहा की स्क्वायर हे लोकांना कळायच्या आधी बेस आहे का नाही हेच कळत नाही.

चौथी तार
बापू, तुमचा मान राखून सांगतो, हे तुमच्यासारख्यांमुळेच झालंय. डाव्या हाताचा बेस म्हणजे ठोकळा. सूर लागला की लागला, सुटला की सुटला. स्लाइड नाही, दाबून मारलेले मुके ठोके नाहीत, ड्रमच्या किकच्या किंचित मागे बसणं नाही. पाच हजार वाचवायला तुम्ही गाण्याचा पाया काढून टाकला आणि वर विचारता, लोकांनी विचारलं का? लोकांना काय गेलंय ते कळत नाही, इतकंच. फक्त चपटं वाटतं.

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
पाच हजार? कुठल्या जगात? बेसवाल्याला आम्ही जे देत होतो ते इथे लिहिलं तर तू रडशील. आणि ‘तुमच्यासारख्यांमुळे’ म्हणजे काय रे? ट्रॉलीवर उभारलेल्या स्टेजवर मुरमाच्या धुळीत रात्री दोनपर्यंत कधी वाजवलंयस?

तुला एक सांगतो. एका जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम होता. आमचा बेसवाला कोरसलाही गायचा. तारेवर हात आणि ओठ माइकला लागले, अंगावरून असा झटका गेला की पोरगं बेससकट ड्रमवर पडलं. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, माइकचं अर्थिंग वेगळं, मधे हा. त्याला काही झालं नाही, नशीब. पण पुढच्या सुपारीला आलाच नाही. कीबोर्डवाल्याला असं होत नाही, प्लास्टिकच्या पट्ट्या.

खर्जातला
बापू, शॉक बसला तो वायरिंगच्या दोषाने, बेसमुळे नाही. तसं तर गिटारवालाही काढायला हवा होता. त्याला ठेवलंत, कारण तो लोकांना दिसतो.

मडगांवकार
आमच्या इथे लग्नात बँडला बेस नसेल तर नाचायला कुणी उठणार नाही. नवरा-नवरीपण. बापू म्हणतात लोकांना कळत नाही, पण लोकांच्या पायांना कळतं. मुंबईच्या स्टुडिओंतसुद्धा गोव्याच्या वादकांनी किती वाजवलंय ते आठवा. पंचमदांकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, कानाला हेडफोन लावून ऐका आणि मग कीबोर्डवर तेच वाजवून दाखवा. आजही मोहिनी डे मुंबईचीच, जगभर बेस घेऊन फिरते.

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
पंचमदांकडे खोलीभर वादक होते, त्यांचे पैसे निर्माता द्यायचा. माझ्याकडे निर्माता म्हणजे मीच. आणि स्टुडिओचंच म्हणाल तर चरणजित सिंगही बेस वाजवायचे. त्यांनीच १९८२ मध्ये रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली, त्यात टीबी-३०३ होतं, बेसवाल्याची जागा घ्यायला काढलेलं यंत्र. बेसवाल्यालाच कळलं होतं हवा कुठे चाललीय.

खर्जातला
बापू, हे उदाहरण तुम्ही द्यायला नको होतं. ते ३०३ बेसवाल्याची जागा घ्यायला आलं आणि घेऊ शकलं नाही. रोलँडने १९८४ मध्ये बंद केलं. पुढे जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळायला लागलं तेव्हा शिकागोच्या पोरांनी त्यातून वेगळाच किंचाळणारा आवाज काढला. तो आवाज मला आवडतो, पण त्याला बेस गिटारची नक्कल कुणी म्हणणार नाही.

नाशिकचा डबल किक
धागा बेस घेण्याचा, चर्चा बेस मेल्याची. पॉपकॉर्न आहे का कुणाकडे?

चिपळूणची सर
मी विसरायच्या आत लिहिते. कोकणात राहणाऱ्यांनी ब्रँडआधी हवामान बघा. पावसाळ्यात मान हलते, जुलैत वाजणारा बेस डिसेंबरात फ्रेटवर घासतो. तारा तर पंधरा दिवसांत गंजतात. ट्रस रॉडची किल्ली पेटीतच ठेवा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका. माझी बहीण नागपुरात, तिच्याकडे उलट, उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात खरवडतात. दोघींकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे बेस, त्रास दोघींना.

चौथी तार
चिपळूणताई, मुद्द्याचं बोललात, इथे बऱ्याच वेळाने कुणीतरी.

बापू, दुसरा प्रश्न. समजा मी दोन टॉपवरही ऐकू येईल असा बेस वाजवला तर?

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
तर तू जादूगार.

चौथी तार
जादू नाही. ४१ हर्ट्झचा मूळ सूर टॉपमधून येत नाही, बरोबर. पण त्याच्या वरचे, ८२ च्या पुढचे सूर येतात, आणि कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. आठ इंची प्रॅक्टिस ॲम्पवरही आपण तसाच बेस ऐकतो. मधला आवाज वाढवायचा, खालचा कापायचा. पोरं उलटं करतात, बूस्टची नॉब पूर्ण फिरवतात आणि मग म्हणतात ऐकू येत नाही. (नाशिक, तुला म्हणतोय.) प्रिसिजनचा पिकअप मधल्या आवाजातच जोरकस असतो, म्हणून तो गर्दीत टिकतो.

खर्जातला
आणि टीआरबीएक्स १७४ ला पुढे तसाच पिकअप आहे. चौथी तार, स्वतःच्या तोंडाने बोललात.

चौथी तार
बरं बुवा. तुमचा यामाहा गर्दीत ऐकू येईल. विकायला मात्र वेगळी गर्दी शोधावी लागेल. एवढं पुरे की शपथपत्र करून देऊ?

खर्जातला
चालेल. आणि त्या पोराला ‘वर्षभर थांब’ म्हणालात, ते?

चौथी तार
ते तिकडे जाऊन बदललंय. वापरलेला बघ म्हणून सांगितलं. ब्रँड बदललेला नाही.

नाशिकचा डबल किक
बूस्ट निम्म्यावर आणून बघितला. ड्रमर म्हणाला, आज पहिल्यांदा सूर कळले. त्याला ब्लॉक केलंय.

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
चौथी तार, एवढं ज्ञान आहे तर शिवजयंतीला ये मिरजेजवळ. दोन टॉप, जनरेटर, बेस बिन नाही. कीबोर्डवाल्याला सांगतो डावा हात खिशात ठेव. डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) तुझा तू आण, आणि माइकपासून चार हात लांब उभा राहा, कोरस-बिरस गायचं नाही. ऐकू आलास तर पुढच्या सुपारीला विचार करीन. नाही आलास तर इथे येऊन लिहीन, सगळ्यांसमोर.

चौथी तार
येतो. नाईट किती?

बापू ऑर्केस्ट्रावाले (सांगली)
फोनवर बोलू. इथे लिहिलं तर माझा कीबोर्डवाला वाचतो.