मदत हवी आहे: मायएसक्यूएल डेटाबेस ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेवर हलवताना मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमधला राखीव स्टँडबाय) आधी की नंतर?

मंडळी, आम्ही इंदूरला सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. मायएसक्यूएल ८.०, डेटा साधारण ४० जीबी, सध्या ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एका ईसीटूवर (भाड्याच्या सर्व्हरवर). सांभाळणारे आम्ही दोघंच. मागच्या महिन्यात बिनलॉगनी (डेटातल्या बदलांच्या नोंदींच्या फाइलींनी) डिस्क भरली आणि ऐन दुपारी बिलं अडकली. जुने बिनलॉग काढायचे मीच विसरलो होतो. तेव्हा ठरवलं, आता आरडीएस.

चाचणीला साधा डंप (सगळ्या डेटाची एक फाइल) घेऊन पाहिला. पहिल्याच व्ह्यूला (साठवलेल्या क्वेरीला) एरर १२२७, म्हणजे अधिकार नाही! डेफिनर (व्ह्यू ज्याच्या नावावर आहे तो युजर) रूट होता आणि आरडीएसवर सुपर अधिकार मिळत नाही. डेफिनर काढून टाकल्यावर डंप चढला, पण पाच तास लागले. आमच्या हातात फक्त रविवारी रात्रीचे दोन तास आहेत. म्हणून आता जुना सर्व्हर सोर्स, आरडीएस त्याची रेप्लिका (सतत ताजी होत राहणारी प्रत), आणि रविवारी फक्त ॲपमधला डेटाबेसचा पत्ता बदलायचा असा बेत आहे. बिनलॉग रो फॉरमॅटमध्ये आहे, दोन्ही मशिनी एकाच व्हीपीसीत (खासगी नेटवर्कमध्ये) आहेत.

ऑरोरा (ॲमेझॉनचाच दुसरा डेटाबेस) नको, बजेट नाही. मल्टी-एझेडला खर्च जवळपास दुप्पट आणि तो स्टँडबाय रिपोर्ट वाचायलाही वापरता येत नाही, हे ठाऊक आहे; तरी दिवाळीच्या गर्दीसाठी तो घ्यायचाच आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: रेप्लिकेशन चालू असतानाच मल्टी-एझेड करून घ्यावं, की आधी सिंगलवर कटओव्हर करून (ॲप नव्या डेटाबेसवर वळवून) नंतर? आधी केलं तर रेप्लिका मागे पडते का?