1987 ची मॅटाडोर: कच्च्या रस्त्यांसाठी कॅम्पर करतोय, फोर बाय फोर करावी का?

सह्यवाट (पुणे):
नमस्कार मंडळी. मामांची टेम्पो मॅटाडोर माझ्याकडे आली आहे. 1987 ची, ओएम 616 डिझेल इंजिन, नोंदणी खाजगी, कागद चालू आहेत. सासवडला शेडमध्ये उभी असायची म्हणून टप आणि बाजू शाबूत आहेत, पण पायरी आणि मागच्या चाकांवरचा पत्रा सडलाय. चालू स्थितीतली मॅटाडोर आता शोधून सापडत नाही, त्यामुळे ती भंगारात द्यायचा प्रश्नच नाही. मी, बायको आणि मुलगी झोपू शकू, पिठलं-भात रांधता येईल आणि रतनवाडी, साम्रद, वेल्ह्याच्या पुढचे कच्चे रस्ते गाठता येतील, एवढी ती तयार करायची आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो, बॉडी उचलून ट्रॅक्स जीपच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) ठेवू आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ, करू. करावं का? आणि व्हिंटेज (जुन्या, जपलेल्या गाड्यांची) नोंदणी घेतली तर पुढचं सोपं जाईल का?

चिंचवड गॅरेज:
बॉडी उचलू नका, ही माझी विनंती समजा. आमचं गॅरेज वडिलांपासूनचं. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्या मी लहानपणापासून हाताळतोय. मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांना आहे. फरशीखालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, मागे जातच नाही, म्हणून फरशी इतकी खाली आणि सपाट मिळते. तुमची मुलगी आत उभी राहून कपडे बदलू शकेल ती याच फरशीमुळे. ट्रॅक्सच्या चासीवर ठेवलीत की फरशी वर जाईल, गाडीचा तोल वर जाईल, आणि आडव्या उतारावर ती भीतीदायक होईल. मिळेल काय, तर वर्षातून दोनदा लागणारी मागची ओढ.

आता पुढच्या ओढीचा स्वभाव ओळखा. चढणीला वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी पडून जागेवर फिरतात. लोक कॅम्पर करताना पाण्याची टाकी, बॅटऱ्या, स्वयंपाकाचा ओटा सगळं मागच्या दाराशी नेतात. मॅटाडोरला हे चालत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते ड्रायव्हरच्या सीटमागेच हवं. दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, झोपायच्या जागेत ती नकोच. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर एएचची बॅटरी बारा-तेरा किलोत येते. महाग आहे, पण पैसे इथेच घाला. मागे फक्त गाद्या, कपडे, ताडपत्री. टपावर लोखंडी कॅरियर चढवू नका.

इंजिनाची काळजी करू नका. हेच इंजिन ट्रॅक्समध्येही होतं, सामान मिळतं. रेडिएटर उघडून साफ करा, हीटर प्लग तपासा, ब्रेकचं तेल आणि सगळे रबरी पाइप नवे घाला. भरलेली गाडी घाटात उतरवायची आहे, त्यामुळे ब्रेकवर काटकसर करायची नाही.

वकील ताई (नाशिक):
मोटार वाहन कायद्याच्या कामात असते म्हणून कागदांचं सांगते. व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2037 उजाडेल. शिवाय व्हिंटेज गाड्यांच्या 2021 च्या नियमांत गाडी मूळ रूपात ठेवावी लागते आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेपुरती मुभा आहे. तुमच्या कामाची नाही.

चासी बदलणं तर विसराच. कलम 52 प्रमाणे आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. चासी क्रमांक हीच गाडीची कायदेशीर ओळख. तो बदलला की विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार सरकारी वाहन-यादीत आहे. पलंग, ओटा कायमचे बसवणार असाल तर आधी आरटीओत लेखी अर्ज करा, मग सुताराला बोलवा.

सावंतवाडी:
टपाच्या पत्र्याखाली ग्लासवुल भरू नका. आमच्याकडच्या पावसात ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. एसीच्या पाइपांवर असतो तो काळा नायट्राइल फोम पत्र्याला घट्ट चिकटवा, मध्ये हवा राहू देऊ नका. सडलेला पत्रा कापून नवा जोडून घ्या. पुट्टीने झाकलेला गंज दुसऱ्या पावसाळ्यात बाहेर येतो. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक ठेवा.

सह्यवाट:
ताई, दादा, मनापासून आभार. फॅब्रिकेटरला नकार कळवला. दादा, एकच विचारतो: गाडी दोन-तीन इंच उचलली तर? साम्रदच्या रस्त्यावर दगड खालून लागतील अशी भीती वाटते.

चिंचवड गॅरेज:
इंचभर ठीक, तीन नको. गाडी उचलली की ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटचा कोन वाढतो. मग जॉइंटवरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, माती शिरते आणि जॉइंट कटकट वाजायला लागतो. हा जॉइंट साम्रदला मिळणार नाही. त्यापेक्षा इंजिनाखाली जाड पत्र्याची पाटी लावा, तेल बदलायला भोक ठेवून. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्या. भोर-सासवडकडची काळी माती ओली असली की कोणतीही नक्षी बुजते, अशा दिवशी डांबर सोडू नका. लाल मातीत आणि मुरुमात ही गाडी छान चालते.

सामान भरून झालं की वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. दोन्ही आकडे इथे टाका. पुढचा आकडा निम्म्याच्या खाली आला तर टाकी कुठे सरकवायची ते मी सांगतो.