पीएस-५ डिजिटल: गेम विकत घेण्याआधी खेळून बघायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. माझ्या भावाने मुलांसाठी पीएस-५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, पाठवला आहे. स्लिम, डिजिटल, म्हणजे डिस्क घालायची सोयच नाही. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे आणि दोघांनी मिळून हव्या असलेल्या गेम्सची भलीमोठी यादी माझ्या हातात ठेवली आहे.

नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना. डिस्क असती तर नाही आवडली म्हणून मित्राशी अदलाबदल केली असती, नाहीतर अर्ध्या किमतीला विकली असती. डिजिटलमध्ये एकदा घेतलं की घेतलं. म्हणून घेण्याआधी आम्ही घरच्यांनी बसून तो गेम खेळून बघावा असं मला फार वाटतं. मुलं खेळतात याबद्दल माझी तक्रार नाही. दोघं एकत्र बसून आनंदाने खेळतील असं काहीतरी मला मनापासून शोधायचं आहे.

पण स्टोअर उघडलं की गोंधळ उडतो. कुठे डेमो, कुठे ट्रायल, कुठे नुसतं फ्री, तर कुठे प्लस (सोनीचं पैसे भरून घ्यायचं सबस्क्रिप्शन) घेतलं तर फ्री. यातलं खरोखर फुकट काय? कशाला कार्ड जोडावं लागतं? खेळून आवडला नाही तर पैसे परत मिळतात का? आणि आमचं वायफाय ४० एमबीपीएसचं आहे, त्यावरच सासूबाईंच्या संध्याकाळच्या मालिका चालतात. एवढे मोठे गेम उतरवायचे कधी?

आणखी एक. सयाजीगंजातल्या एका दुकानात चौकशी केली, तर ते म्हणाले, "बेन, दुसऱ्याच्या अकाउंटवरचे गेम तुमच्या मशीनमध्ये टाकून देतो, चारशे-पाचशेला एक." मला ते पटलं नाही. पण मुलगा विचारतो की सगळे घेतात तर आपण का नाही. त्याला पटेल असं कारण मला सांगता यायला हवं.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद, इंदूर

ताई, आधी दुकानाचं सांगतो, कारण इथेही हाच धंदा चालतो. पीएस-५ मध्ये कन्सोल शेअरिंग नावाची सोय आहे. एका खात्यावर घेतलेले गेम त्या मशीनवरच्या सगळ्यांना खेळता यावेत, एवढ्यासाठी ती दिलेली आहे. घरासाठी उत्तम सोय आहे आणि तुम्ही ती वापराच. तुमच्या खात्यावर गेम घ्या, दोन्ही मुलं आपापल्या खात्यावरून खेळतील. दुकानदार काय करतो, तर स्वतःचं खातं तुमच्या मशीनवर बसवून ही सोय चालू करून देतो. पण खातं त्याचं आणि पासवर्डही त्याचाच. एका खात्यासाठी ही सोय एका वेळी एकाच पीएस-५ वर चालते. उद्या त्याने ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर वळवली की तुमचे गेम बंद. खाती विकणं किंवा भाड्याने देणं सोनीच्या अटींत बसत नाही, त्यामुळे ते खातंच बंद झालं तरी तुम्हाला तक्रार करायला जागा नाही. मुलाला सांगा, पाचशे रुपयांत गेम आपला होत नाही, आणि तो किती दिवस चालेल हे दुकानदार ठरवतो.

आता डेमोबद्दल. डेमो म्हणजे गेमचा छोटा नमुना, तो पूर्ण फुकट असतो. कार्ड लागत नाही, प्लस लागत नाही, फक्त खातं हवं. गेमच्या पानावर किमतीच्या शेजारी तीन टिंबांचं बटण असतं, ते दाबलं की डेमो असल्यास तिथे दिसतो. बरेच जण ते बटण बघतच नाहीत आणि डेमो नाही म्हणून पुढे जातात. पीएस-४ आणि पीएस-५ अशा दोन आवृत्त्या असतील तर कुठली उतरवताय हेही तिथेच तपासा.

ट्रायल म्हणजे पूर्ण गेम, ठरावीक वेळेपुरता. सोनीच्या ट्रायल्स प्लसच्या सर्वांत वरच्या पायरीवर मिळतात, आपल्याकडे तिला डिलक्स म्हणतात. नुसत्या ट्रायल्ससाठी ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ईए प्ले हे ईए या गेम कंपनीचं वेगळं सबस्क्रिप्शन, त्यात ईएचे नवे गेम दहा तासांपर्यंत खेळून बघता येतात. तुमच्या मुलाच्या यादीत फुटबॉलचा एफसी असणारच, त्याच्यासाठी एक महिना ईए प्ले घेणं परवडतं. मात्र ट्रायलमध्ये पूर्ण गेम उतरवावा लागतो, आणि गेम तसाच चालू ठेवून जेवायला उठलात तर वेळ संपत राहते. सबस्क्रिप्शन घेतल्या घेतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. महिना पूर्ण वापरता येतो, पुढचे पैसे कापले जात नाहीत.

परताव्याबद्दल कुठल्याही भ्रमात राहू नका. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केलं की ती सवलत संपते. म्हणजे घेऊन, खेळून, परत करणं जमत नाही. एक्सबॉक्सवाल्यांना (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) थोडं खेळून झाल्यावरही अर्ज करता येतो, आपल्याला ते नाही. म्हणूनच डेमो शोधण्याची तुमची धडपड मला अगदी योग्य वाटते.

प्रतिसाद, पुणे

वरच्या प्रतिसादाला +१.

नेटचं गणित: प्लॅनचा वेग बिट्समध्ये असतो, गेमचा आकार बाइट्समध्ये, म्हणून आठाने भागायचं. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. १०० जीबीच्या गेमला साडेपाच तास, तेही दुसरं कोणी नेट वापरत नसेल तर. पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये रेस्ट मोडमध्ये (मशीन पूर्ण बंद न करता झोपवून ठेवणं) इंटरनेट चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करून रात्री मशीन रेस्ट मोडला टाका. झोपेच्या वेळात उतरून होईल, मालिकांनाही धक्का नाही. प्लॅनची महिन्याची मर्यादा मात्र बघून ठेवा.

जागा कमी पडली तर साधी यूएसबी हार्ड डिस्क जोडता येते, पण पीएस-५ चे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळायला परत आत आणावे लागतात. पीएस-४ चे गेम थेट तिच्यावरून चालतात.

प्रतिसाद, ग्वाल्हेर

डेमो इतके कमी का, हा प्रश्न तुम्हाला पडेलच, म्हणून लिहितो. एक्सबॉक्स ३६० आला त्या काळात, २००५ पासून, त्यांच्या स्टोअरच्या आर्केड या छोट्या गेम्सच्या विभागातल्या प्रत्येक गेमला फुकट चाचणी आवृत्ती देणं सक्तीचं होतं. मी कितीतरी गेम आधी असे खेळून मग घेतले. पुढे ती सक्ती गेली. डेमो बनवणं हे वेगळं काम आहे, गेमचा एक तुकडा नीट कापून, तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे अनेक कंपन्या ते टाळतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्याच्याकडे मोजके पैसे आहेत त्याला डेमोसारखा दुसरा आधार नाही.

आणि डेमो दिसला की लगेच उतरवून ठेवा. पीटी नावाचा भयपट शैलीतला डेमो २०१४ मध्ये पीएस-४ वर आला आणि २०१५ मध्ये स्टोअरवरून काढून टाकला. ज्यांच्या मशीनवर होता त्यांच्याकडेच तो राहिला.

चांगला डेमो कसा असावा याचा नमुना म्हणजे फायनल फँटसी १६ चा. जून २०२३ मध्ये गेमच्या आधी आला, सुरुवातीचे साधारण दोन तास, आणि तिथली प्रगती पुढे पूर्ण गेममध्ये चालू राहते. मुलांसाठी नाही हो, तो मोठ्यांचा आहे. मुलीसाठी ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स २ चा डेमो बघा. ठोकळे रचून गाव उभारायचं, लहानांना फार आवडतं. पीएस-४ चा आहे, पीएस-५ वर चालतो, आणि त्यातलंही बांधकाम पूर्ण गेममध्ये नेता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानाचं कारण मुलाला वाचून दाखवलं. "म्हणजे भाड्याच्या घरात राहायचं आणि मालक कधीही बाहेर काढणार," असं तोच म्हणाला.

आता दोन शंका. डेमो माझ्या खात्यावर उतरवला आणि मुलीने खेळला, तर तिचं गाव कोणाच्या नावावर राहील? आणि मुलाच्या यादीत इट टेक्स टू आहे. त्याची पुण्याची आतेबहीण आणि तो मिळून खेळू म्हणतात. तो कसा आहे?

प्रतिसाद, इंदूर

ज्या खात्यावरून खेळाल त्या खात्यावर सेव्ह राहतो. म्हणून दोघांची वेगळी खाती आधी करा, फॅमिली मॅनेजर, म्हणजे मुलांची खाती सांभाळणारं मुख्य खातं, तुमचं ठेवा. मुलांच्या खात्यावर खर्चाची मर्यादा सुरुवातीला शून्य असते, ती तशीच ठेवा. वयाची पातळीही लावा, म्हणजे मोठ्यांचे गेम आणि डेमो त्यांच्या खात्यावरून उघडणारच नाहीत. कार्ड मशीनवर ठेवायचं नसेल तर गिफ्ट कार्डाचा कोड भरा, फक्त ते भारतीय खात्याचं हवं.

इट टेक्स टू कायम दोघांनीच खेळायचा गेम आहे, २०२१ चा वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून द गेम अवॉर्ड्समध्ये त्याचा सन्मान झाला. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो, त्यामुळे पुण्याच्या घरी वेगळा घ्यायला नको. पण गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या आईबाबांची आणि त्यांच्या मुलीची आहे. फार प्रेमाने मांडलेली आहे, तरी आठ वर्षांच्या मुलीसमोर लावण्याआधी तुम्ही स्वतः सुरुवात बघा असं सुचवीन.

तोपर्यंत मशीनमध्ये आधीपासून असलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम दोघांना आलटून पालटून खेळू द्या, कंट्रोलरची सगळी करामत त्यात शिकता येते. शेजारी बसून एकत्र खेळायला रॉकेट लीग आहे, पडदा दुभागून दोघं खेळतात. गेम फुकट आहे, गाड्यांची सजावट विकत असते, पण मर्यादा शून्य असल्यावर त्याची काळजी नाही. दुसरा कंट्रोलर मात्र घ्यावा लागेल.